थर्साइटीजला हसलं कोण?

तौलनिक साहित्याचा माझा तास संध्याकाळी असतो. निम्मी मुलं नोकरीवाली. कुणी चाकणहून थेट येतं, कुणी तास संपवून चाकणला जातं. परवा फळ्यावर दोन रकाने आखले: ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा राजा अ‍ॅगमेम्नॉन आणि महाभारतातला धृतराष्ट्र. विषय, राजाचं नेतृत्व. टिपणं तयार होती. कैक वर्षं तीच आहेत, कबूल करतो.

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गाशी आलो. युद्धाला 9 वर्षं झालेली, सैन्य विटलेलं. त्यांचं मन अजमावायला राजा म्हणतो, चला, घरी जाऊ. सैन्य खरंच गलबतांकडे पळत सुटतं! वर्ग खो-खो हसला. मग ओडिसियस हा सरदार राजाचाच राजदंड घेऊन सगळ्यांना परतवतो; सरदारांना गोडीगुलाबीने, शिपायांना दंड्याने. थर्साइटीज नावाचा एक शिपाई तेवढ्यात राजाला तोंडावर हावरट म्हणतो, आणि त्याच्याही पाठीत तडाखा बसतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पहिल्या सर्गात अकिलिसही हेच म्हणाला होता ना? त्याला नाही मारलं कुणी?"

"तो देवीचा मुलगा. शिवाय फौजेची सगळी भिस्त त्याच्यावर."

"म्हणजे बोलणं तेच, ग्रेड वेगळी."

टिपणांत हे नव्हतं. मी विदुराकडे वळलो, खरं तर सुटका करून घ्यायला. द्रौपदी पणाला लागली तेव्हा धृतराष्ट्र हरखून 'किं जितम्, किं जितम्', म्हणजे 'काय जिंकलं?', विचारत होता. (भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हे आहे, मागाहून कुणी घुसडलं म्हणायची सोय नाही.) दासीपुत्र विदुर मात्र भर सभेत बोलला. पुढे वनपर्वात राजाने त्याला 'जा हवं तिथे' म्हणून झटकलं, आणि लगेच कासावीस होऊन संजयाला काम्यकवनात पाठवून परत आणवलं. धृतराष्ट्राला मी कायम नापास करत आलोय. या एका जागी तो अ‍ॅगमेम्नॉनपेक्षा बरा वाटला.

"परत आणून ऐकलं का त्याचं?" पुढच्या बाकावरची मुलगी.

"नाही."

कंपनीच्या बसची वेळ झाली. मागच्या बाकावरचा तो मुलगा सॅक आवरत होता. "थर्साइटीजला मारलं तेव्हा हसलं कोण, सर?"

"सैन्यच. मनातून खिन्न होते, तरी त्याच्यावर मजेत हसले."

"आमच्याकडेही हसले होते. मी एकदा ओव्हरटाइमबद्दल विचारलं, तेव्हापासून मला रात्रपाळीच आहे." आणि हजेरी लावायची राहिली म्हणून तो टेबलाशी आला.