प्रेसिडेंटसाठी इंजिन शोधताना: कुर्ला, चोरबाजार, जुना बाजार

आमची 1973 ची प्रीमियर प्रेसिडेंट. पुढे पद्मिनी नावाने जी गाडी घराघरात गेली, तीच ही. तिच्या इंजिनाचा ब्लॉक पाण्याच्या जॅकेटपाशी तडकला. बिडाला वेल्डिंग करून देणारे कोल्हापुरातही आहेत, पण तापून-निवून ते जोड किती टिकतात हे पाहिलेलं असल्यामुळे दुसरं इंजिन शोधायचं ठरलं. सोबत एखादा धड सोलेक्स कार्ब्युरेटर मिळाला तर तोही.

इंजिन मुंबईतच मिळणार, हे उघड होतं. या गाड्या कुर्ल्यात बनल्या आणि टॅक्सी होऊन मुंबईतच झिजल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. म्हणजे आता बाजारात नवा माल यायचा बंद झालाय. जे पडून आहे त्यातूनच निवडायचं, आणि त्यातलं बहुतेक सगळं सीएनजीवर चाललेलं.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला भंगाराच्या आणि जुन्या स्पेअरच्या गाळ्यांतून सकाळी लवकर फिरावं. दुपारी ट्रक लागले की पाय ठेवायला जागा नसते. 'फियाट का इंजिन' एवढंच म्हणायचं, बाजारात या गाडीला फियाटच म्हणतात. मॉडेल सांगत बसू नका. पहिला प्रश्न येतो, 'हाफ के फुल?' हाफ म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन. फुल म्हणजे हेड, मॅनिफोल्ड, डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) सगळ्यासकट. फुलच बघा. हेड वेगळं घ्यायला गेलात तर ते कुठल्या ब्लॉकवरून उतरलंय ते कळत नाही, आणि या इंजिनात ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. एकदा तापलं की आधी हेड वाकतं.

एका गाळ्यावर चंदेरी रंग मारलेलं, झळझळीत इंजिन समोरच ठेवलं होतं. 'शेठ, चालू गाडी से उतारा है.' असलं इंजिन सोडून द्या. रंगाखाली ब्लॉकचे तडे दिसत नाहीत आणि वेल्श प्लगमधून, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या झाकणांतून झिरपलेल्या पाण्याचे डागही दिसत नाहीत. मागे तेलकट धुळीत पडलेली, कुणी न उघडलेली दोन-तीन होती, त्यांच्याकडे वळलो. माझं म्हणणं साधं आहे: आपण विकत घेतो ते ओतकाम. ब्लॉक, क्रँक आणि हेड. रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, पॅकिंग नवीनच पडणार, मग ते 'चालू' असण्याचे जादा पैसे कशाला द्यायचे?

जमिनीवर पडलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेजने बघता येत नाही, कारण सेल्फ (स्टार्टर) बसतो बेलहाउसिंगवर आणि तो गिअरबॉक्सबरोबर गेलेला असतो. त्यावर उपाय म्हणून जुन्या स्पार्क प्लगची चिनी मातीची नळी काढून त्यावर ट्यूबचा वॉल्व्ह बसवून घेतला होता. कोणताही लेथवाला करून देतो. पुलीच्या नटावर पाना लावून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरायची. पाना घट्ट धरा, इंजिन फिरायला बघतं. मग कान लावा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून हवा आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट, तेल ओतायच्या तोंडातून फुसफुसली तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. रेडिएटरचा पाइप जोडतात तिथे पाणी ओतून ठेवलं आणि बुडबुडे आले, तर हेड पॅकिंग गेलंय किंवा तडा आहे. अशा इंजिनाची बोलणी तिथेच थांबवा.

सीएनजीवरच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खाल्लेल्या निघतात. ते मला चालतं, सीट नव्या बसतात. क्रँक मात्र नीट बघा. पुलीमागे स्क्रू-ड्रायव्हर घालून क्रँक पुढे-मागे ढकलायचा. डोळ्याला हालचाल दिसली, तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. तीनच मेन बेअरिंगवर उभा असलेला क्रँक आहे हा, त्याला फार माफी नाही. तेलाच्या झाकणाला आतून दह्यासारखा पांढरा थर असेल तर तेलात पाणी गेलंय. हेड उघडू देत असतील तर बोअर व्हर्नियरने मोजा. कंपनीचा बोअर 68 मिलिमीटर. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा, म्हणजे बोअर किती वाढवलाय त्याचा आकडा असतो. बरंच वर गेलेलं दिसलं तर पुढचा खर्च स्लीव्हचा, म्हणजे बोअरमध्ये नवी नळी बसवण्याचा धरा.

भाव इथे लिहीत नाही, प्रत्येक गाळ्यावर वेगळा निघतो. फक्त त्या दिवसाचा भंगाराचा किलोचा दर आधी विचारून ठेवा. तो माणूस त्याखाली येणार नाही, पण कुठून बोलायला सुरुवात करायची ते तुम्हाला कळतं. इंजिन नंबर घासलेला असेल तर फुकट दिलं तरी नको. पावतीवर नंबर लिहून घ्या, मूळ गाडीच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याची झेरॉक्स मागा. देणारे देतात.

चोरबाजारात शुक्रवारी गेलात तर दुकानं बंद आणि रस्त्यावर पथारी, बाकी दिवशी उलट. कार्ब्युरेटर मला तिथे ढिगाने दिसले, पण बरेचसे गॅस किटवाल्यांनी खराब केलेले. गॅसची नळी घालायला गळ्यात भोक पाडायचं आणि किट काढल्यावर ते एम-सीलने बुजवायचं. बोट घालून चाचपलं की खडबडीत लागतं. वर्षानुवर्षं पेट्रोल न पाहिल्यामुळे आतला डायफ्रॅम पापडासारखा कडक. तो किटमध्ये मिळतो, त्याची चिंता नको.

धड कार्ब्युरेटर शेवटी पुण्यात, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात मिळाला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तपासायला खिशात काचेचा तुकडा ठेवा. फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डवर बसणारी सपाट कड, काचेवर टेकवली की वाकलेली लगेच डुगडुगते. नट करकचून आवळणाऱ्यांची ती कृपा. थोडं वाकलेलं घासून सरळ होतं. मग थ्रॉटलचा शाफ्ट वर-खाली हलवून बघायचा. तिथे खेळ असेल तर बाजूने हवा ओढली जाते आणि कितीही ट्यूनिंग करा, आयडलिंग लागत नाही. अशा बॉडीला बुश मारावा लागतो आणि तो सरळ मारणारा माणूस विरळाच. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, तिच्यावरचे आकडे वाचा. तार घालून मोठं केलेलं जेट भिंगातून लांबट दिसतं. पितळी फ्लोट कानापाशी हलवला आणि आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. घरी गरम पाण्यात बुडवला की बुडबुड्यांवरून जागा सापडते, तिथे सोल्डरचा डाग देता येतो. मिक्स्चर स्क्रूच्या टोकाला कंगोरा पडला असेल तर तो बदलायचाच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा रबराची जुनी किट स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका.

इंजिन आणताना तेल काढून टाका, सगळी भोकं चिंध्यांनी बंद करा, लाकडी चौकटीत बांधून ट्रान्सपोर्टला द्या आणि बिल्टीवर 'जुना सुटा भाग' लिहून घ्या. पुढचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात. हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि बोअर एकाच छताखाली करून घेतलं तर एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही.

कुर्ल्यात एकाने 118 एनईचं, म्हणजे प्रीमियरच्याच नंतरच्या गाडीचं इंजिन पुढे केलं होतं. निस्सानचं 1171 सीसी, पिकअपला निश्चितच सरस. मोह होतो. पण पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर घ्यायचा असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तो विचार नसला, तरी इंजिन नंबर आरसीवर असतो. म्हणून इंजिन गाडीत बसवण्याआधीच, पावती घेऊन आरटीओत अर्ज टाका. बसवल्यावर गेलात तर तपासणीवाला पहिला प्रश्न विचारतो, आधी अर्ज का नाही टाकला?