आईला हिमालय दाखवायचा तर सीट ए की एफ?

आईला पासष्ट पूर्ण झाली तेव्हाच ठरवलं होतं की तिला हिमालय दाखवायचा, पण गुडघ्यांमुळे चढउतार जमत नाही, मग म्हटलं विमानातूनच दाखवू. इंदूर-दिल्ली, पुढे दिल्ली-बागडोगरा (उत्तर बंगालमधलं सिलिगुडीजवळचं विमानतळ). तिकिटं दहा मिनिटांत झाली, सीट ठरवायला मात्र दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या सार्थकी लागल्या.

दिल्लीहून बागडोगऱ्याला विमान पूर्वेकडे जातं, पर्वत उत्तरेला म्हणजे डाव्या हाताला, त्यामुळे जाताना ए म्हणजे डावी खिडकी आणि येताना एफ म्हणजे उजवी. शक्यतो सकाळचंच घ्या, ऊन उजवीकडून येतं म्हणून डाव्या खिडकीत डोळे दिपत नाहीत, आणि पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात हवा पण स्वच्छ असते.

आता रांग. एअरबस ३२० मध्ये साधारण दहा ते वीस नंबरच्या रांगांना खाली बघितलं की पंखच दिसतो, आणि पंखाच्या लगेच मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेने सगळं थरथरतं, फोटो हमखास खराब. म्हणून आम्ही चौथी रांग घेतली. मागे एकदा जास्तीचे पैसे भरून मी विंडो सीट घेतली होती आणि शेजारी निघाली कोरी भिंत!! खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. नंतर कळलं की काही बोईंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे भिंतीतून एसीचे पाइप जातात, तिथे एका रांगेला खिडकीच नसते. तेव्हापासून विमान कुठलं आहे ते आधी बघते. एटीआर हे छोटं, पंख्यांचं विमान मिळालं तर मला आनंदच होतो, त्याचा पंख डोक्यावर असतो आणि ते उडतंही खालून, नदी-शेतं छान दिसतात.

इंदूर-दिल्लीला पण डावीकडेच बसलो, चंबळेवरचं गांधीसागर धरण चमकताना दिसलं. खरी मजा पुढच्या विमानात. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "हे ढग हलत कसे नाहीत गं?" अगं आई, ते ढग नाहीत!! खिडकीच्या काचेत खाली एक बारीकसं भोक असतं, त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमली होती, आई पदराने पुसत राहिली पण ती दोन काचांच्या मधे, कशी पुसली जाणार. एव्हरेस्ट शोधावा लागतो, ल्होत्से-नुप्त्से या शेजारच्या शिखरांच्या भिंतीमागून काळपट त्रिकोण वर येतो आणि त्याच्या उजवीकडे मकालू. कांचनजंगा मात्र शोधावी लागत नाही, ८५८६ मीटर, एव्हरेस्टपेक्षा कमी, पण जवळ असल्यामुळे तीच मोठी वाटते. आईने हात जोडले.

येताना दुपारी साडेतीनचं विमान, ४ एफ, आणि पर्वत सगळे ढगात. मी हिरमुसले. तेवढ्यात खालच्या ढगांवर आपल्या विमानाची सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य! हेच ते इंद्रवज्र, इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सला हरिश्चंद्रगडावर दिसलेलं. सूर्य पाठीशी आणि ढग समोर लागतो, म्हणून उन्हाच्या उलट्या बाजूच्या खिडकीतूनच दिसतं.

आईने विचारलं, "त्या गोलाच्या मधोमध आपण आहोत का गं?"

हो, अगदी आपणच. बघणारा जिथे बसलेला असतो, सावलीतल्या नेमक्या त्या जागेभोवती ते कडं पडतं, शेपटीकडच्याला शेपटीपाशी, आणि आम्हाला पुढे, चौथ्या रांगेपाशी.