कुठवर आलं?

पावसाळ्यात नाशिकमध्ये ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. "कुठवर आलं?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात छापून येतं, पण त्या आकड्यावरून पूर कुणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यासाठी गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं, गळ्याशी आलं. एवढं कळलं की सराफ बाजारातल्या दुकानदारांना माल कधी हलवायचा ते समजतं आणि कॉलेज रोडच्या बघ्यांना गाडी कधी काढायची ते.

मला मात्र हा प्रश्न उन्हाळ्यातही विचारतात. "काय गं, कुठवर आलं तुझं ते राक्षसांचं?" माझ्या कादंबरीत राक्षस एकही नाही. पण अद्भुत म्हटलं की लोकांच्या मनात आधी राक्षस येतो, मग परी, मग चेटकीण, आणि शेवटी "मुलांसाठी लिहितेस का?" मी आता मारुतीच्याच मापात उत्तर देते. छोटी कादंबरी छातीच्या वर गेली आहे. मोठी गुडघ्याशी घुटमळते आहे. आणि कॉलेजात असताना सुरू केलेली तीन खंडांची महागाथा म्हणजे कोरडा घाट. तिचा एक रंगीत नकाशा तेवढा आहे. त्यात डोंगर फार सुबक काढलेत.

पानं मोजून सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण या प्रकारच्या लिखाणात पानं खोटं बोलतात. घरगुती कादंबरी लिहिणाऱ्याला अर्धं जग फुकट मिळतं. त्याने नुसतं 'गॅस संपला' असं लिहिलं की सिलिंडर, नंबर लावणं, शेजारणीकडून चहा करून आणणं, सगळं वाचकाच्या घरात आधीपासून तयार असतं. मी 'दिव्यातली ज्योत संपली' असं लिहिलं की लगेच प्रश्न सुरू होतात. ज्योत विकत मिळते का? कुठे? उधारीवर देतात का? गरिबाच्या घरी काय जळतं? याची उत्तरं माझ्याकडे असावी लागतात, आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक पानावर यायचीच नसतात. त्यामुळे एखाद्या महिन्यात खूप काम होतं आणि कागद कोराच राहतो. घरच्यांना हे पटवणं अवघड आहे.

घरच्यांपैकी वाचणाऱ्या एकट्या सासूबाई. त्यांनी मोठ्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं दुपारी कॉटवर पडून वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चांगलंय. पण ही माणसं जेवतात कधी गं?"

"आई, युद्ध चाललंय तिथे."

"म्हणजे जास्तच भूक लागत असेल."

मग मी त्यांना जेवू घालायला बसले, आणि तिथे एक वेगळंच जग उघडलं. माझं नगर जुन्या काळाच्या वळणाचं आहे, गलबतं समुद्रापलीकडून यायच्या आधीचं. म्हणजे मिरची नाही. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा नाही, टोमॅटो नाही. माझ्या नगरात मिसळ होऊच शकत नाही, आणि नाशिकच्या लेखिकेला ही गोष्ट जिवाला लागते. बरं, निदान उपवास तरी धरू द्यावा, तर साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, रताळंसुद्धा तिकडचंच. उपवासाच्या ताटात उरते ती वरई. सीताफळ, पेरू, पपई, काजू, सगळ्यांवर काट. तिखटासाठी मिरी आणि पिंपळी. सासूबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, "मग तुझ्या राणीला पिठलं कर, त्यात मिरी घाल, ज्वारीची भाकरी दे. आणि कांदा ठेचून दे, कापून नको." राणीने कांदा बुक्कीने फोडला आणि त्या क्षणी ती मला पहिल्यांदा नीट दिसली. तोवर ती फक्त गच्चीवर उभी राहून क्षितिजाकडे बघत होती.

कुणी म्हणेल, तुझंच जग आहे, घाल की मिरची. घालता येते. वाचकही काही बोलणार नाही. पण एकदा मिरची फुकट आत आली की तिच्यामागून घड्याळ येतं, आगपेटी येते, आणि बघता बघता सेनापती "ओके" म्हणतो.

अद्भुत लिहिणाऱ्याला हिशेबाची कटकट नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नाशिकच्या डोंगरातली पांडवलेणी चढावी. मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे तिथे मूर्तींपेक्षा माझं लक्ष भिंतीवर जातं. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेखाला सुमारे १९०० वर्षं झाली. त्याने लेणं दान दिलं आणि भिक्षूंच्या खर्चाची सोय म्हणून ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरच्या बाजूचंच गाव. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि त्या २००० च्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. मी तिथेच मनात ताळा केला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. पैन् पै जुळते. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या वह्या इतक्या जुळत नाहीत.

नहपानाचं राज्य गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवलं. गौतमीपुत्राच्या पराक्रमाचं वर्णन त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून ठेवलंय. ते भव्य आहे, वाचताना छाती फुगते. पण त्या काळात खरोखर माणसं राहत होती असा विश्वास मला बसला तो शेकडा पाऊणने. दोन श्रेणींचे दर वेगळे का? पाऊणवाले जास्त विश्वासाचे होते की एकवाले जास्त गरजू? माझी छोटी कादंबरी या फटीतून निघाली. तिच्यात विणकरांची श्रेणी पैसे ठेवून घेत नाही, आयुष्यातले दिवस ठेवून घेते. एक म्हातारा राजा आपले २००० दिवस ठेवतो आणि व्याज वीस आश्रितांना लावून देतो. प्रत्येकाला वर्षाकाठी बारा दिवस जास्तीचे. सगळे खूश. आता श्रेणीने हे व्याज आणायचं कुठून? ती विणते, आणि जो ते कापड नेसतो त्याच्या आयुष्यातून धागा धागा कमी होत जातो. इथवर आल्यावर मला कथानक शोधावं लागलं नाही. व्याज चढत गेलं, माणसं पळापळ करू लागली, मी लिहून घेत गेले. छातीच्या वर पाणी गेलं ते असं.

जादू कुणाला तरी महाग पडली पाहिजे, हे मी या लेखापुढे उभं राहून शिकले. फुकटातली जादू पहिल्या पाच पानांत गोड लागते. मग वाचक विचारतो, एवढं सगळं येतं तर घोड्यावरून कशाला हिंडता?

हे काय नवीनच खूळ मराठीत, असंही ऐकवलं जातं. एका संपादकांनी हस्तलिखित परत देताना "आपल्याकडे ही परंपरा नाही" असं सांगितलं, आणि वर चहा पाजला. चहा चांगला होता. परंपरेचं म्हणावं तर मराठी कादंबरीची सुरुवातीची वर्षं बरीचशी अद्भुतानेच भरलेली आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. वास्तवाने बैठक मारली ती नंतर. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, म्हणजे या दोन्ही कादंबऱ्यांपेक्षा वयाने मोठं. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला म्हणून मी उगाचच घरात शिरा केला होता. यान आत गेलं, आता मागोमाग उडता गालिचाही जाईल, असा माझा हिशेब.

परंपरा सांगायचीच तर आणखी मागे जाता येतं, आणि नदी सोडायचीही गरज नाही. गोदावरीकाठीच खाली पैठणला सातवाहनाच्या दरबारात गुणाढ्य होता. कथासरित्सागरात त्याची दंतकथा आहे. पैज हरला म्हणून लोकांच्या भाषा सोडल्या, रानात गेला आणि पैशाची म्हणजे पिशाचांच्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला, एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातली जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. आणि राजाला हे कळलं कसं? कुणा रसिकाने जाऊन सांगितलं म्हणून मुळीच नाही. राजाच्या ताटातलं मांस वाळकं लागायला लागलं, तो आजारी पडला. आचाऱ्याला बोलावलं, आचाऱ्याने शिकाऱ्यांवर ढकललं, शिकाऱ्यांनी सांगितलं की जनावरं उपाशी राहून गोष्ट ऐकतात. राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख वाचले.

मला या कथेतलं रक्त आठवत नाही, जळणारी पानंही नाहीत. वाळकं मांस आठवतं. ज्याने कुणी ही कथा रचली त्याला आमच्या सासूबाईंचा प्रश्न ठाऊक होता.

मोठी कादंबरी गुडघ्यावर अडली आहे ती एका फळीमुळे. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटात दडवलेला दगडी हौद. तिवंधा चौकात आहे, दिल्ली दरवाजाजवळ आहे, पंचवटीत शनी चौकात आहे. वर्षभर तिच्यावर लाकडं आणि माती. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात, वराती नाचतात, आणि खाली हौद आहे हे नवख्याला कळतही नाही. रंगपंचमी जवळ आली की माती उकरतात, रहाड धुऊन पूजा करतात आणि रंग भरतात. रंग प्रत्येक रहाडीचा ठरलेला, तो बदलत नाही. मग पोरं काठावरून धप्पा मारतात. रंग असा पक्का की नंतर दोन-चार दिवस माणसाच्या कानामागे बघून तो कुठल्या चौकातला ते ओळखता येतं. पुण्याच्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "छान आहे कल्पना, घे कादंबरीत."

तर घेतली. माझ्या नगरात रस्त्यांखाली हौद आहेत आणि वर्षातून एक दिवस उघडतात. एकात उडी मारली की दुःख पाण्यात राहतं, एकात कर्ज, एकात नाव. माणूस हलका होऊन बाहेर येतो. पण पाण्यात राहिलेल्या दुःखाचं पुढे काय होतं? संध्याकाळी हौद झाकतात. फळ्या वरून बसवतात की कुणाला आत उतरावं लागतं? शेवटची फळी बसवताना हात पाण्याला लागतो का? लागत असेल तर नगरभराची दुःखं त्या एका माणसाला ठाऊक आहेत, आणि मग नायिका राणी नाहीच, तो फळीवाला नायक आहे. लागत नसेल तर राणीच बरी. तिसरं प्रकरण यावर थांबलंय.

हे गॅलरीतून बघून कळण्यासारखं नाही. सासूबाईंचं माहेर जुन्या गावातलं. त्या म्हणतात, वरून फक्त डोकी दिसतात, आणि झाकायच्या वेळेला आम्ही पोरांना आंघोळी घालत असायचो. म्हणजे रहाड झाकतात तेव्हा जाऊन उभं राहायला हवं. रंगपंचमी नेमकी मार्चमध्ये येते आणि करसल्लागाराकडे मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे काय ते त्या धंद्यातल्यांनाच ठाऊक. कारण काय लिहू विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "सासू आजारी लिही. आणि परत येताना तांबट आळीतून माझा बंब दुरुस्तीला दिलाय तो घेऊन ये."