आवड आधी की विचार आधी? रॉबर्ट झायन्स यांची वाटचाल

रॉबर्ट झायन्स यांचे नाव मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात बहुधा एखाद-दुसऱ्या प्रयोगापुरतेच येते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण एखादी गोष्ट माणसाला विचार केल्यावर आवडते की विचाराच्या आधीच, हा प्रश्न त्यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी लावून धरला.

१९२३ मध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्या झायन्स यांचे आईवडील १९३९ मध्ये वॉर्सातील बॉम्बहल्ल्यात मारले गेले आणि ते स्वतः जबर जखमी झाले. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले, १९५५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि जवळजवळ चार दशके तिथेच शिकवत राहिले. अखेरची वर्षे स्टॅनफर्डमध्ये गेली.

१९६८ मध्ये त्यांनी निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहरे लोकांना कमी-अधिक वेळा दाखवले, अगदी २५ वेळांपर्यंत, आणि जे वारंवार नजरेखालून गेले तेच लोकांना अधिक चांगले वाटले. मात्र माझ्या मते त्यांचे सर्वांत सुंदर काम १९८० चे आहे. कुन्स्ट-विल्सन यांच्यासह केलेल्या त्या प्रयोगात वेडेवाकडे अष्टकोन पडद्यावर जेमतेम एक मिलिसेकंद झळकत. पुढे आकारांच्या जोड्या समोर ठेवल्या, तेव्हा आधी कोणता दाखवला होता हे लोकांना अंदाजपंचेच सांगावे लागले. पण ‘कोणता आवडतो’ असे विचारताच सुमारे ६० टक्के वेळा त्यांनी आधी दाखवलेल्याच आकारावर बोट ठेवले. ओळख पटलेली नाही आणि पसंती मात्र ठरलेली!

आकलनाचा, म्हणजे माणूस विचार कसा करतो याचा, अभ्यास ऐन भरात असताना, भावना विचाराच्या मागे फरफटत येत नाही, हे त्याच वर्षी लेख लिहून ठणकावून सांगायला धैर्य लागते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस यांनी त्यांना कडाडून विरोध केला: प्रसंगाचा आपल्या हिताशी काय संबंध आहे, याचे मूल्यमापन झाल्याशिवाय भावना उद्भवतच नाही, आणि हे मूल्यमापन क्षणार्धात, नकळतही होऊ शकते. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. अष्टकोन आवडणे निराळे आणि मुलाच्या आजारपणाने आईच्या काळजाचे पाणी होणे निराळे. दुसऱ्या भावनेत काय गमावण्याची भीती आहे, हे कुठल्यातरी पातळीवर समजलेले असावेच लागते. तरीही, भावनेसाठी जाणीवपूर्वक विचार आधी व्हावाच लागतो हे गृहीत धरून पुढे जाण्याची सोय झायन्स यांनी कोणालाच ठेवली नाही, आणि भावनांच्या अभ्यासावर त्यांचे हे ऋण मोठे आहे.