कर्नाळा: हरियाल वाट पायांनी नव्हे, कानांनी चालायची

पनवेलहून पेणच्या वाटेला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. पक्षी अभयारण्याच्या गेटमधून आत आले की सगळे सुळक्याच्या दिशेने चालू लागतात. किल्ला छानच आहे, पण पक्षी बघायला आलेल्याने आधी हरियाल निसर्गवाट धरावी. चढ नावाला, झाडी दाट, आणि नाव आपल्या राज्यपक्ष्याचं. मोरटाका ही दुसरी वाट लांब आहे. पहिल्या खेपेला तिचा मोह नको.

सकाळी गेट उघडायच्या वेळेलाच पोहोचा. पेण-अलिबागकडे जाणाऱ्या एसटीने गेटसमोर उतरता येतं. १९६८ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्गच जातो. ट्रकांची घरघर वाढली की बारीक आवाज बुडतात, त्यामुळे सुरुवातीलाच 'आज काहीच नाही' असं ठरवून परत फिरू नये.

आत शिरलं की पन्नास पावलं चालायचं आणि पाच मिनिटं उभं राहायचं. पाचोळ्यात खसखस ऐकू आली तर खाली बघा: नारिंगी डोक्याचा कस्तूर चोचीने पानं उलटत असतो. तशीच खसखस सापसुरळीही करते, म्हणून आवाज एकाच जागी होतोय की सरकतोय, एवढं आधी ऐकून घ्या. भृंगराज (कोतवालाच्या जातीचा, लांब शेपटीचा काळा पक्षी) दिसला तर मात्र जागचं हलू नका. तो बहुधा मिश्र थव्यासोबत असतो. त्याच्या मागोमाग निखार, माशीमार, सुतार असे पाच-सात प्रकार दहा मिनिटांत डोक्यावरून जातात. हाच भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाच्या नकलाही करतो, तेव्हा नुसत्या आवाजावरून यादीत शिक्रा हा शिकारी पक्षी लिहायची घाई नको.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत सव्वापाच मिलिमीटरवरून ४.२ वर येतो. सावलीतला शामा पक्षी मग नुसता काळा ठिपका होतो. शिवाय हातही जास्त हलतो. पांढरे कपडे आणि कुरकुरीत पाकिटं घरीच ठेवा. पाकीट वाजलं की आधी माकडं येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहुणे पक्षी असतात आणि पानगळीमुळे फांद्या मोकळ्या होतात. जूनपासून गंमत निराळी: तिबोटी खंड्या येतो, शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. पण तेव्हा दगड शेवाळतात, गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात. तिबोटीचं घरटं ओढ्याकाठच्या मातीतलं बीळ असतं. बिळासमोर फोटोसाठी ठाण मांडलं तर तो चोचीत भक्ष्य घेऊन फांदीवर ताटकळतो आणि पिल्लं उपाशी राहतात. एकदा बघायचं आणि बाजूला व्हायचं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे इथेही भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा, पक्षी तुम्हालाच जास्त दिसतील.

दहा-साडेदहानंतर जंगल गप्प होतं. किल्ला करायचाच असेल तर तेव्हा निघा, सुळक्याखाली आग्या मोहळांपाशी मात्र आरडाओरडा नको.