हो, नैवेद्यही त्याच गॅसवर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतंच, कुणी पहिल्या चहाला, कुणी निघताना चपला घालता घालता. गोठ्यामागे गोबरगॅस आहे याचं सगळ्यांना कौतुक वाटतं. घरातल्या संडासाचा पाइपही त्याच टाकीत सोडलाय हे कळलं की मात्र आवाज खाली येतो. "म्हणजे त्याच गॅसवर स्वयंपाक? आणि चतुर्थीला देवाचा नैवेद्य?"

हो. मोदकसुद्धा त्याच गॅसवर उकडतात.

विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले पंधरा दिवस शेगडी पेटवताना माझाही हात अडखळायचा. ताटावर बसलं की मनात तेच. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एका सकाळी मला टाकीपाशी नेलं. हातात बादली दिली आणि म्हणाले, "आज शेण तू कालव. काय होतं ते बघ, मग ठरव." जेवढं शेण तेवढंच पाणी. काडीकचरा, गवताच्या गुठळ्या हाताने वेचून काढायच्या. काला ताकासारखा एकजीव झाला की बोळा काढायचा, तो घरंगळत आत जातो, आणि तेवढाच जुना काला पलीकडच्या तोंडातून बाहेर येतो. त्या बाहेर आलेल्या काल्याला मी वाकून वास घेतला. ओल्या मातीसारखा होता. शेणाचा वाससुद्धा राहिला नव्हता, मग दुसरा कुठून येणार?

आत जे घडतं ते बंद टाकीतच घडतं, हवेचा शिरकाव झाला की बिघडतं. एक जातीचे जिवाणू मोठमोठे घटक फोडून विरघळवतात, दुसरे त्याची आम्लं करतात, आणि अगदी शेवटी येतात मिथेन करणारे, ज्यांना प्राणवायू सोसत नाही. हेच जीव गाई-म्हशींच्या पोटात असतात, म्हणून शेणातून विरजण आपोआप पडतं. तयार झालेल्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडासा. तो वास ज्योतीत जळून जातो. मिथेनच्या कणाला आपण भातातून आलो की शेणातून, याची काही खूण नसते. सिलिंडर लाखो वर्षं गाडल्या गेलेल्या जिवांच्या अवशेषांतून येतो, त्याला आपण सोवळं-ओवळं विचारत नाही.

आता एक हिशेब सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही गॅसच्या लोभाने संडास जोडला. आमची टाकी दिवसाला दोन घनमीटर गॅस देणारी, दीनबंधू पद्धतीची, विटांच्या घुमटाची. तिला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. एक म्हैस आणि तीन गायी मिळून ते कसंबसं जमतं. एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला 25-30 लिटर गॅस मिळतो. आम्ही पाच माणसं, म्हणजे सगळ्यांचा मिळून लहान शेगडी जेमतेम अर्धा तास चालेल एवढा. स्वयंपाक होतो तो शेणावरच. मग जोडला कशाला?

जोडला तो यासाठी, की आमच्या घरची घाण दुसऱ्या कुणाला उपसावी लागू नये. सेप्टिक टाकी कधी ना कधी भरते आणि कुणीतरी माणूस तिच्यात उतरतो. कायद्याने ते बंद आहे, तरी माणसं उतरतात आणि त्याच आतल्या वायूने गुदमरून मरतात. तो वायू आमच्याकडे पाइपातून शेगडीला येतो. मला विचाराल तर पावित्र्याचा प्रश्न इथे विचारायला हवा, नैवेद्याच्या ताटापाशी नव्हे.

हे आबांच्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्या सिंधुदुर्गातच, कणकवलीला, अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि संडास, सोनखत म्हणजे मैल्याचं खत, गोबरगॅस यांतच आयुष्य घातलं. 1932 साली तुरुंगात मैला सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपवास मांडला, उच्चवर्णीय म्हणून ते नाकारलं जात होतं. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे देहूला डॉक्टर मापुसकर सरकारी डॉक्टर म्हणून आले. रोग्यांना औषधं देत बसण्यापेक्षा रोग येतो कुठून ते बघू, म्हणून संडासांकडे वळले आणि संडास बायोगॅसला जोडत गेले. तुकोबांच्या गावात हे झालं याचं मला फार अप्रूप आहे. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ते हयात नव्हते. आणि त्याही आधी, 1897 साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून त्यावर इंजिन चालवलं होतं. म्हणजे गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे, फक्त आपल्याकडे ती कुजबुजत बोलली जाते.

एक खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे, आणि ती टाळणाऱ्यांना मी तोंडावर सांगते. टाकीत महिना-सव्वा महिना राहिल्याने रोगजंतू पुष्कळ मरतात, पण जंतांची अंडी चिवट असतात, ती सगळी मरत नाहीत. म्हणून आमची स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर आलेला काला, सरळ भाजीच्या वाफ्यात जात नाही. पालापाचोळ्याचे थर देऊन ती खड्ड्यात काही महिने मुरते, मग माडांना आणि पोफळींना. मिरची-अळूला ती आम्ही देत नाही.

दुसरी खबरदारी पाण्याची आणि फिनेलची. त्याची किंमत आम्ही एका चतुर्थीला मोजली. मुंबईहून सगळे आले होते, घरात अठरा माणसं. नणंदेने आणि जावेने मायेने सगळं घर घासून काढलं, संडासात अ‍ॅसिड ओतलं, वर दोन बाटल्या फिनेल. प्रत्येक वेळी बादलीभर पाणी. तिसऱ्या दिवशी शेगडीची ज्योत पिवळट झाली, मग फडफडू लागली. चौथ्या दिवशी काडी धरली तर पाइपातून फुस्स आवाज येतोय, पण काडीच विझतेय. गॅस होता, जळणारा नव्हता. मिथेन करणारे जीव सगळ्यात नाजूक. ते आधी मेले. आम्लं करणारे तगले. टाकी आंबली.

आबा काही बोलले नाहीत. संडासाचा पाइप जुन्या शोषखड्ड्याकडे वळवला, शेण घालणं थांबवलं, थोडी चुन्याची निवळी सोडली. शेजारच्या वाडीतल्या चालू टाकीतून काला आणायला ते आणि माझा नवरा भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन चार फेऱ्या गेले, विरजण मागायला जावं तसं. रोज संध्याकाळी आबा शेगडीपाशी बसून काडी ओढायचे. विझली की उठायचे. एकोणिसाव्या दिवशी काडी विझली नाही. बर्नरच्या एका कडेला बोटभर निळी ज्योत धरली, मग हळूहळू सगळ्या भोकांवर फिरली. त्यांनी मला हाक मारली, आणि त्यावर आम्ही दोघांनी फक्त चहा केला, कारण तेवढाच गॅस होता.

तोवर गणपती जाऊन दोन आठवडे झाले होते. त्या वर्षीचे मोदक तेवढे सिलिंडरवर उकडले.