पुण्याहून कराड-देवराष्ट्रे, यशवंतरावांच्या वाटेने एक दिवस

आमच्या अण्णांचं कॉलेज ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीवर झालं. बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरांची फी माफ, ही सवलत यशवंतराव चव्हाणांच्या काळातली, त्यामुळे अण्णांना एकदा त्यांचं गाव बघायचंच होतं. गेल्या रविवारी नेलं.

पहाटे साडेपाचला कात्रजवरून निघालो. खंबाटकीत ट्रकांची रांग लागायच्या आत पार व्हा, नाहीतर तासभर तिथंच जातो. कराड साधारण 160 किमी आहे. गाडी नसेल तर स्वारगेटवरून एसटी भरपूर, रेल्वेने गेलात तर स्टेशन ओगलेवाडीला आहे, तिथून गावात यायला परत रिक्षा बघावी लागते.

माझं ऐकाल तर कराडला न थांबता कडेगाव रस्त्याने आधी देवराष्ट्र्याला जा. हे त्यांचं आजोळ, 12 मार्च 1913 चा जन्म इथला. घर एवढंसं, दारातून वाकूनच आत जावं लागतं. अण्णा आत गेले आणि भिंतीवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले, मी पण काही बोललो नाही. वडील लहानपणीच गेलेले, आईने वाढवलं, आणि तो पोरगा पुढं पुण्यात वकिली शिकला, 42 ला भूमिगत झाला, 46 ला आमदार झाला, हे त्या दारात उभं राहिलं की वेगळंच जाणवतं. लागून सागरेश्वर आहे, मंदिरं बघून घ्या, पाणी मात्र सोबत ठेवा, ऊन फार लागतं.

परत कराडला येऊन जेवलो, मग विरंगुळा हा त्यांचा बंगला आणि त्यांच्या पत्नी वेणूताईंच्या नावाचं स्मारक, जिथं त्यांची पुस्तकं आहेत. दोन्हीकडं उघडं आहे का ते आधी विचारून जा.

वाटेत अण्णा 57 ची निवडणूक सांगत होते, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. यशवंतराव तेव्हा मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, सगळीकडं संयुक्त महाराष्ट्राची लाट, इथं काँग्रेसची माणसं धडाधड पडली आणि हे स्वतः कराडात जेमतेम निवडून आले. लोकांनी तेव्हा त्यांना काय काय बोललं! पण तोच माणूस 1 मे 1960 ला महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, आणि बासष्टला दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून जायच्या आत जिल्हा परिषदा उभ्या करून गेला. मला तरी हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं, गावच्या माणसाला मुंबईला न जाता सत्तेत बसता आलं.

प्रीतिसंगम शेवटी ठेवा, पाचच्या सुमारास. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तिथंच समाधी आहे. 25 नोव्हेंबरला पुण्यतिथीची गर्दी असते, निवांत बसायचं असेल तर तो दिवस टाळा. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हाताऱ्या माणसांना हात धरूनच उतरवा. अण्णांनी चपला वर काढल्या, खाली जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, समाधीवर शिंपडलं आणि म्हणाले, चल आता.

रात्री दहाला घरी.